येशू 'देव' आहे असं मानलं नाही तर तारण नाही का?

कोरडा_पाऊस :
बरेच दिवस नुसतं वाचतोय, आज राहवेना म्हणून लिहायला बसलो. आमचं घर नगरचं, चार पिढ्या ख्रिस्ती, प्रोटेस्टंट. माझे थोरले मामा चाळीस वर्षं आमच्या देवळात पेटी वाजवतात (हो, आमच्याकडची जुनी माणसं चर्चला देऊळच म्हणतात). प्रभुभोजनाच्या रविवारी सगळे उभं राहून निकियाचा मतांगीकार (विश्वासाची ठरलेली कबुली) म्हणतात, त्यात 'देवापासून देव, प्रकाशापासून प्रकाश, खऱ्या देवापासून खरा देव' ही ओळ आली की मामा गप्प होतात. ओठ मिटलेले, नजर पेटीच्या भात्याकडे. ओळ गेली की परत सुरू. लहानपणी मला वाटायचं त्यांना तेवढंच पाठ होत नाही.

आता पुढच्या आठवड्यात त्यांची बायपास आहे. घरी प्रार्थनेला नवे तरुण पास्टर आले होते, बोलता बोलता विषय निघाला आणि मामा सरळ म्हणाले, "मी त्याला प्रभू म्हणतो, तारणारा म्हणतो, देवाचा पुत्र म्हणतो. देव म्हणायला जीभ वळत नाही. देव एकच, ज्याला तो स्वतः बापा म्हणून हाक मारायचा." पास्टर थोडे थांबले आणि म्हणाले, मग अंकल, तारणाची, म्हणजे पापांतून सुटकेची, खात्री मला देता येणार नाही, योहान ८:२४ वाचा. चहावर साय धरली पण कोणी कप उचलेना. त्या रात्रीपासून मामी झोपलेली नाही. तिला ऑपरेशनपेक्षा याचीच भीती जास्त. मला म्हणते, तू शिकलेला आहेस, त्यांच्याकडून एकदा वदवून घे.

तर प्रश्न असा की पास्टर म्हणतात ते खरंच शास्त्रात आहे का? की देवाने उठवलेला प्रभू एवढं मानलं तरी पुरतं? जाणकारांनी सांगा. कृपया भांडू नका.

अर्धा_कप :
'कृपया भांडू नका' लिहिलंय म्हणजे शंभर प्रतिसाद नक्की. रुमाल टाकून ठेवतो.

दिव्याखाली :
प्रथम मामांसाठी प्रार्थना करतो. पण पास्टरांनी सांगितलं ते बरोबर आहे, कडू असलं तरी. 'मी तो आहे असा विश्वास तुम्ही धरला नाही तर आपल्या पापांत मराल' हे प्रभूचे स्वतःचे शब्द आहेत. मूळ ग्रीकमध्ये नुसतं 'मी आहे' आहे आणि त्याच अध्यायाच्या शेवटी 'अब्राहाम झाला त्यापूर्वी मी आहे' म्हटल्यावर लोकांनी दगड उचलले, उगीच नाही उचलले, 'मी आहे' हे देवाने मोशेला सांगितलेलं स्वतःचं नाव, त्यांना कळलं तो काय म्हणतोय.

आणि मामा 'प्रभू म्हणतो' म्हणाले ना, मग प्रेषित पौलाच्या रोमकरांस पत्रातलं १०:९ बघा, 'येशू प्रभू आहे' असं मुखाने कबूल करशील तर तारण होईल. चारच ओळींनी पुढे पौल योएल संदेष्ट्याचं वचन घालतो, जो कोणी प्रभूचं नाव घेऊन त्याचा धावा करील त्याचं तारण होईल. योएलमध्ये तो प्रभू म्हणजे कोण? साक्षात परमेश्वर, यहोवा. म्हणजे पौलाच्या लेखी येशूला प्रभू म्हणणं म्हणजेच देव म्हणणं. मामा अर्धं वाक्य बोलून थांबलेत एवढंच.

नगरी_भेळ :
दिव्याखाली, योएलचा मुद्दा दमदार आहे, मान्य. पण ८:२४ वर एवढा भार टाकू नका. तेच ग्रीक शब्द पुढच्याच अध्यायात दृष्टी आलेला आंधळा भिकारी वापरतो. लोक विचारतात हाच का तो भीक मागणारा, तो म्हणतो 'मीच तो' (९:९). आता तो भिकारी पण देव का?

संडे स्कूलमध्ये आम्हाला एका बाजूचीच वचनं पाठ करायला लावली, दुसऱ्या बाजूची मी मोठेपणी वाचली. योहान १७:३, सार्वकालिक जीवन म्हणजे काय ते येशू स्वतः सांगतो : तू जो एकच खरा देव त्या तुला आणि ज्याला तू पाठवलंस त्या येशू ख्रिस्ताला ओळखणं. १४:२८, पिता माझ्यापेक्षा थोर आहे. मार्क १०:१८, मला उत्तम का म्हणतोस, एक देव सोडून कोणी उत्तम नाही. आणि योहानाने आपलं शुभवर्तमान कशासाठी लिहिलं ते २०:३१ मध्ये सांगून टाकलंय, येशू हा ख्रिस्त, देवाचा पुत्र आहे असा विश्वास धरावा म्हणून. नेमकं मामा म्हणतात तेच.

येशूशेजारी वधस्तंभावर मरणाऱ्या चोराची परीक्षा कोणी घेतली होती? 'माझी आठवण कर' एवढंच म्हणाला बिचारा.

दिव्याखाली :
२०:३१ सांगितलंत, त्याच्या तीनच ओळी आधी उठलेल्या येशूला बघून शिष्य तोमा 'माझा प्रभू, माझा देव' म्हणतो ते गाळलंत. आणि येशू त्याला 'असं म्हणू नकोस' म्हणत नाही.

नगरी_भेळ :
गाळलं नाही, तुमच्यासाठी ठेवलं होतं :)

टांगेवाला :
मी हिंदू, त्यामुळे बिनपगारी प्रेक्षक. पण एक शंका. आमच्या आईच्या देव्हाऱ्यात खंडोबा, बाळकृष्ण आणि माहीमच्या चर्चमधून आणलेला येशूचा फोटो शेजारीशेजारी आहेत. दादरला राहायचो तेव्हा ती कित्येक बुधवार नोव्हेनाच्या प्रार्थनेला गेलीय, मेणबत्ती लावून यायची. तिला विचारलं येशू देव आहे का तर म्हणेल 'म्हणजे काय! देवच तो.' एका सेकंदाचाही विचार न करता. मग आईचं तारण पक्कं आणि चाळीस वर्षं पेटी वाजवणाऱ्या मामांचं लटकलेलं, असं आहे का हे?

अर्धा_कप :
टांगेवाल्याने घोडा थेट चर्चमध्ये घातला.

दिव्याखाली :
टांगेवाला, आईंच्या श्रद्धेचा आदर आहे, पण तेहतीस कोटींत आणखी एक मानणं वेगळं. तोच एकटा देव असं मानून बाकी सोडावं लागतं.

टांगेवाला :
म्हणजे 'येशू देव आहे' हे मानून भागत नाही, बाकीचं पण पाहिजे. मग प्रश्न नुसता त्या एका वाक्याचा नाहीच ना राहिला.

नगरी_भेळ :
+१. याकोब २:१९ : एकच देव आहे असा विश्वास धरतोस? बरं करतोस, भुतंही धरतात आणि थरथर कापतात. शुभवर्तमानात तर येशू कोण ते शिष्यांच्या आधी भुतंच ओरडून सांगतात. सिद्धांताच्या पेपरात भुतं पहिली येतील.

जुनी_पोथी :
थोडा इतिहास सांगते, लांबेल, चहा घेऊन बसा. हा वाद नगरच्या बैठकीत सुरू झालेला नाही. अलेक्झांड्रियाचा आरियस नावाचा पाळक चौथ्या शतकाच्या सुरुवातीला म्हणायला लागला की पुत्र हा पित्याने निर्माण केलेला, सगळ्यात पहिला, सगळ्यात थोर, पण निर्माणच केलेला. म्हणजे 'येशू साधा माणूस' असं तो म्हणत नव्हता हे लक्षात घ्या, जग त्याच्याच द्वारे झालं असंही मानत होता. कॉन्स्टंटाइन बादशहाने ३२५ साली निकियाला, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातलं इझनिक, बिशपांची परिषद भरवली. तिथे 'पित्याशी एकतत्त्व' हा शब्द घातला गेला आणि मामा जी ओळ गाळतात ती बरोब्बर आरियसला बाहेर ठेवण्यासाठीच लिहिलेली ओळ आहे. तेव्हा मामांचं कौतुक वाटतं, सतराशे वर्षांनी नेमक्या त्याच जागी येऊन थांबले! (पुढे ३८१ च्या परिषदेने त्यात भर घातली, आज देवळात म्हणतात ते साधारण ते रूप.)

लोकांत किती भिनलं होतं बघा. त्याच शतकातला बिशप, निस्साचा ग्रेगरी लिहितो की कॉन्स्टंटिनोपलमध्ये मोड मागायला जावं तर दुकानदार जन्मलेला आणि अजन्मा यावर प्रवचन देतो, पावाचा भाव विचारावा तर उत्तर येतं पिता थोर आणि पुत्र कमी, आणि हमामखान्यात पाणी तापलं का विचारावं तर गडी म्हणतो पुत्र शून्यातून निर्माण झाला.

पण आरियसचा कट्टर विरोधक, अलेक्झांड्रियाचा बिशप अथानासियस ज्यासाठी पाच वेळा हद्दपार झाला तो मुद्दा नुसता शब्दाचा कीस नव्हता, आणि मला वाटतं पास्टरांनी चहाच्या वेळी वचन फेकण्याऐवजी हा सांगायला हवा होता. तो म्हणतो, तारण म्हणजे माणसाचा देवाशी तुटलेला दोर परत जोडणं. जो स्वतःच निर्माण केलेला आहे तो आपल्याच काठावर उभा आहे, पलीकडचं टोक त्याच्या हातात कुठून येणार? विहिरीत पडलेल्याला विहिरीतलाच दुसरा माणूस धीर देईल, बाहेर काढणार नाही. म्हणजे ख्रिस्त देव असायला हवा, नाहीतर तारण घडतच नाही.

अर्धा_कप :
पावाचा भाव विचारला तर पुत्र लहान की मोठा सांगतात. म्हणजे सदाशिव पेठ तेव्हाही होती, फक्त जरा वायव्येला.

नगरी_भेळ :
जुनी_पोथी, विहिरीचा दाखला आवडला. पण यातून एवढंच निघतं की ख्रिस्त देव असायला हवा. मामांनी तसं मानायला हवं हे कुठे निघतं? दोर वरून सोडणारा वर उभा असला म्हणजे झालं, खालच्याने दोर धरायचा. तो तहसीलदार आहे की पाटील हे खालच्याला ओळखता आलं नाही म्हणून काय दोर कापतात?

जुनी_पोथी :
इथे मात्र तू मला पकडलंस. विचार करते.

सुकेळी :
वसईहून, कॅथलिक. आमच्याकडे यावर अधिकृत लिखाण ढीगभर आहे. जुन्या काळी अथानासियसच्या नावावरचा एक लॅटिन मतांगीकार होता (त्याने लिहिलेला नाही), त्याची सुरुवातच 'ज्याला तारण पाहिजे त्याने सर्वप्रथम हा विश्वास धरावा' आणि जो अखंड धरणार नाही त्याचा कायमचा नाश, अशी. आणि हा विश्वास म्हणजे त्रैक्य (पिता, पुत्र, पवित्र आत्मा मिळून एकच देव), नियमांची यादी असावी तसं कलमावर कलम. ते वाचलं तर मामा बाहेर.

मग १९६४ ला दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत ठरलं की ज्यांना स्वतःचा दोष नसताना ख्रिस्ताचं शुभवर्तमान कळलं नाही, पण जे प्रामाणिकपणे देवाचा शोध घेतात आणि विवेकबुद्धीप्रमाणे वागतात, त्यांनाही तारण मिळू शकतं. त्यामुळे टांगेवालांच्या आईची काळजी आम्ही करत नाही. मामांची केस उलट अवघड, कारण त्यांना 'कळलं नाही' म्हणता येत नाही, चाळीस वर्षं दर प्रभुभोजनाला ऐकतायत.

तरी आमचे एक म्हातारे फादर होते ते म्हणायचे, कळणं म्हणजे कानावर पडणं नव्हे. ते वाक्य मला फार उपयोगी पडलंय, नवऱ्याच्या बाबतीत तर रोजच.

एक व्यवहारातली गोष्ट. प्रोटेस्टंट माणूस आमच्यात आला तर आम्ही त्याच्यावर परत पाणी घालत नाही, त्याचा बाप्तिस्मा धरतो. मॉर्मन लोकांचा मात्र रोमने २००१ साली अमान्य ठरवला, शब्द तेच, पिता पुत्र पवित्र आत्मा, पण त्या शब्दांमागे जे मानतात ते वेगळं म्हणून. म्हणजे संस्थेच्या पातळीवर ही ओळ आहेच. पण ती दाराची चौकट झाली. आत देव कोणाला कुठे बसवतो ते चौकट सांगत नाही.

पानगळ :
इथे न्यूजर्सीत शनिवारी सकाळी यहोवाचे साक्षीदार दार वाजवतात, त्यांच्या बायबलमध्ये योहान १:१ ला 'शब्द देव होता' च्या जागी 'शब्द एक देव होता' असं आहे. मराठीत ऐकलं तर काहीच वाटत नाही, इंग्रजीत त्या एका छोट्या 'a' अक्षरावरून दारात अर्धा तास जातो, पोळी करपते.

टांगेवाला :
मराठीत हाच घोळ आहे. आपल्याकडे 'देव' शब्द फार स्वस्त. डॉक्टर देव, क्रिकेटमध्ये देव, 'अगदी देवमाणूस हो'. आणि 'प्रभू' म्हटलं की मला सीकेपी (चांद्रसेनीय कायस्थ प्रभू) मित्राच्या घरची सोड्याची खिचडीच आठवते.

जुनी_पोथी :
भाषेचा हा घोळ पहिल्यांदा घातला तो इंग्रज फादर स्टीफन्सने, गोव्यात. १६१६ ला छापलेलं त्याचं ख्रिस्तपुराण मराठी ओवीत आहे, स्वर्गाला सरळ वैकुंठ म्हणतो. उगीच नाही लोक इथे 'देव म्हणायला काय हरकत' म्हणतात.

उंबरठा :
इतका वेळ कोणी पंडिता रमाबाईंचं नाव कसं घेतलं नाही याचं आश्चर्य वाटतंय! मामांचा प्रश्न तंतोतंत त्यांचा होता.

रमाबाईंचा बाप्तिस्मा झाला इंग्लंडमध्ये वाँटेजला, सप्टेंबर १८८३, छोट्या मनोरमेसकट. आणि दोन वर्षांत तिथल्या सिस्टर जेराल्डीन आणि चेल्टनमच्या कॉलेजच्या प्रमुख डोरोथिया बील यांच्याशी पत्रांतून जबरदस्त वाद. रमाबाईंचं म्हणणं, एकच देव मी मानते, येशू हा त्याने पाठवलेला ख्रिस्त हे मानते, पण त्रैक्य, येशूचं देवत्व, कुमारीपासून जन्म हे सगळं तुम्ही सांगता म्हणून मी गिळणार नाही. वर सुकेळी म्हणतात तो अथानासियसच्या नावावरचा मतांगीकारही त्यांनी नाकारला. जेराल्डीनबाई हादरल्या, त्यांच्या मते हा बाप्तिस्म्याच्या वेळी दिलेल्या शब्दाचा भंग. रमाबाईंनी उलट लिहिलं की भारतातल्या पुरोहितांचं जू मी आत्ताच कुठे मानेवरून उतरवलंय, आता तसंच दुसरं चढवून घ्यायची माझी इच्छा नाही. तेव्हा त्या सत्तावीस वर्षांच्या, विधवा, परक्या देशात, ज्यांच्या आधाराने राहत होत्या त्यांच्याशीच भांडत होत्या. ती पत्रं वाचताना माझ्या अंगावर काटा आला होता.

मग मला सांगा, त्या दिवसांत रमाबाईंचं तारण झालं होतं की नव्हतं?

दिव्याखाली :
उंबरठा, रमाबाईंनीच याचं उत्तर दिलंय. पुढे आपल्या साक्षीत त्या लिहितात की बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी त्यांच्या लक्षात आलं, आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडला नव्हता. म्हणजे १८९१ च्या सुमारास. नंतर मुक्ती मिशन, १९०५ चं संजीवन (श्रद्धेची नवी लाट), केडगावला बसून मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून अख्ख्या बायबलचं मराठी भाषांतर. हे सगळं देवत्व मानणाऱ्या रमाबाईंनी केलं.

उंबरठा :
पण त्या 'मला त्रैक्य पटलं नव्हतं म्हणून तारण नव्हतं' असं म्हणत नाहीत हो! त्या म्हणतात धर्म होता, ख्रिस्त नव्हता. उणीव कसली सांगतात त्या? भरवशाची. आणि ही उणीव सगळं कलमवार मान्य करणाऱ्या माणसातही असू शकते, आमच्या मंडळीत निम्मे तसेच आहेत, मी धरून.

दिव्याखाली :
'मी धरून' ला आमेन. मीही. पण बघा, भरवसा आला तेव्हा देवत्वही मागोमाग आलं. मामांचंही येईल असं मला वाटतं. पास्टरांनी ऑपरेशनच्या तोंडावर बोलायला नको होतं हे मात्र मान्य.

नगरी_भेळ :
ज्यांचं मागोमाग आलं नाही त्यांचं काय केलं तेही बघा. मायकल सर्व्हेटस, १५५३, जिनिव्हा. त्रैक्य नाकारलं म्हणून कॅथलिकांनी त्याचा पुतळा जाळला आणि प्रोटेस्टंटांनी त्याला. चितेवर तो ओरडला, 'शाश्वत देवाच्या पुत्रा येशू, माझ्यावर दया कर.' 'देवाच्या शाश्वत पुत्रा' म्हणाला असता तर वाचला असता असं सांगतात. विशेषण एक शब्द पुढे न्यायचं होतं फक्त. माणूस जळताना येशूचा धावा करतोय आणि बाजूला उभे असलेले व्याकरण तपासतायत.

अर्धा_कप :
यावर विनोद सुचला नाही.

पानगळ :
आपल्याकडे विठ्ठल रामजी शिंदे १९०१ ला ऑक्सफर्डला गेले ते युनिटेरियन लोकांच्याच मदतीने, येशूला देव न मानणारे ख्रिस्ती. प्रार्थना समाजाचं आणि त्यांचं चांगलं जमायचं. मामांना तिथे पेटीसकट घेतलं असतं.

सुकेळी :
आणि ना. वा. टिळक? १८९५ ला बाप्तिस्मा घेतलेला माणूस, १९१७ ला मिशन सोडून 'देवाचा दरबार' काढला, त्यात बाप्तिस्मा न घेतलेलेही ख्रिस्ताचे शिष्य चालतील म्हणाले. आमच्या मराठी मातीत चौकटी जरा सैलच बसतात.

कोरडा_पाऊस :
सगळं वाचलं, मामीलाही थोडं वाचून दाखवलं. चोराचं तिला पटलं, विहिरीचंही पटलं, त्यामुळे ती जास्तच गोंधळली. रमाबाईंचं ऐकून म्हणाली, त्यांना आठ वर्षं मिळाली, आपल्याला उद्या सकाळी सात वाजता नेतायत.

मत्तय २५ चं कोणी काढलं नाही, ते मामांनी स्वतः काढलं. म्हणाले न्यायाच्या दिवशी उजवीकडच्या मेंढरांना, म्हणजे तारलेल्यांना, राजा ओळखूसुद्धा आला नव्हता, आम्ही तुला कधी भुकेलेला पाहिलं म्हणून विचारत होती. मग तिला म्हणाले झोप आता.

टांगेवाला :
शुभेच्छा. आईने आज मेणबत्ती लावलीय, खंडोबालाही सांगितलंय.

दिव्याखाली :
आमच्या संगतीत आज रात्री मामांसाठी प्रार्थना आहे. ऑपरेशन झालं की कळवा.

अर्धा_कप :
(दोन महिन्यांनी) धागा वर काढतोय. कोरडा_पाऊस, मामा कसे आहेत?

कोरडा_पाऊस :
माफ करा, धावपळीत राहूनच गेलं. मामा घरी आहेत, चार ग्राफ्ट घातले, सावकाश चालतात. ऑपरेशनला नेताना मामी स्ट्रेचरबरोबर दारापर्यंत गेली, वाकून काहीतरी म्हणाली, मामाही काहीतरी म्हणाले. मामी सांगते ते म्हणाले 'माझा प्रभू, माझा देव'. मी दोन हातांवर होतो, मला फक्त चाकांचा आवाज आला. मामांना विचारलं तर म्हणतात भुलीचं इंजेक्शन दिलं होतं, काही आठवत नाही. मग शर्टाचं वरचं बटण काढून छातीवरची शिवण दाखवत म्हणाले, तोमाने जखमा बघितल्यावर म्हटलं होतं, आता माझ्या बघून तुम्ही काय ते म्हणा.

मागच्या रविवारी पहिल्यांदा देवळात आले. पेटीवर हल्ली पास्टरांचा भाचा बसतो, मामा पहिल्या बाकावर, छातीशी उशी. बायपासवाल्यांना खोकताना ती छातीशी घट्ट धरायला सांगतात. प्रभुभोजनाचा रविवार होता, सगळे उभे राहिले, तेही राहिले. मी मुद्दाम बाजूला उभा होतो आणि पलीकडून मामी पुस्तकात न बघता त्यांच्याच तोंडाकडे बघत होती. 'प्रकाशापासून प्रकाश' पर्यंत मामांचा आवाज स्पष्ट ऐकू आला. मग खोकला आला. उशी धरून चांगली ओळभर खोकले. नंतर पुढचं नीट म्हणाले.

घरी आल्यावर मामीने त्यांना खोकल्याचं औषध दिलं. ते त्यांनी मुकाट्याने घेतलं.